गाणं कुठं अडकतं?

मागच्या महिन्यातली गोष्ट. दुपारी जेवण करून जरा आडवा झालो होतो. उशाशी फोन ठेवून मायच्या ओव्या लावल्या. (आईला आम्ही घरात सगळे मायच म्हणायचो.) दोन ओव्या नीट झाल्या आणि तिसरीत तिचा आवाज तुटायला लागला. अर्धा शब्द, मग काहीच नाही, मग पुढच्या शब्दाचं नुसतं शेपूट! मी ताडकन उठून बसलो.

घाबरायला कारण होतं. या ओव्या १९८६ सालच्या दिवाळीच्या सुट्टीत मी शाळेतल्या एका सहकाऱ्याचा टेपरेकॉर्डर मागून आणून भरल्या होत्या. माय जाऊन आता बरीच वर्षं झाली. कॅसेट कपाटात आहे, पण फितीवर बुरशी चढली आहे आणि ती वाजवायला घरात यंत्रही उरलेलं नाही. २००९ मध्ये अकोल्याला एका दुकानात तिची एमपी३ फाईल करून घेतली, तेवढीच काय ती मायच्या आवाजाची शिल्लक. आणि तीही फोनमधल्या एका नखाएवढ्या कार्डावर. ती फाईलच खराब झाली असेल तर?

संध्याकाळी आमच्या मेडशीच्या स्टँडवर गेलो. तिथं मोबाईल दुरुस्त करणारा मुलगा माझ्याच हाताखालून गेलेला. त्यानं फोन हातातसुद्धा घेतला नाही. आधी विचारलं, "सर, आवाज दर वेळी एकाच जागी तुटते, का जागा बदलते?"

मला सांगता येईना. जन्मभर पोरांना 'आधी नीट निरीक्षण करा' म्हणून सांगितलं, आणि स्वतःच केलं नव्हतं! घरी परत आलो. पण त्याचा प्रश्न डोक्यातून जाईना. कारण विचार करता करता लक्षात आलं, की गाणं अडकणं ही काही मोबाईलबरोबर आलेली भानगड नाही. ध्वनिमुद्रण जन्माला आलं तेव्हापासून गाणं अडकतंच आहे. आणि दर पिढीला हाच प्रश्न सोडवावा लागला आहे... दोष गाण्यात आहे की वाजवणाऱ्यात?

सुरुवात तबकडीपासून करू या. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ सालचा, त्यात नळकांड्यावर आवाज कोरला जाई. सपाट तबकडीची कल्पना एमिल बर्लिनरची, १८८७ ची. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गैसबर्ग या ग्रामोफोन कंपनीच्या माणसानं कलकत्त्यात गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. मुद्रण इथलं, तबकड्या मात्र जर्मनीत हॅनोवरला घडवल्या जायच्या. गंमत म्हणजे त्या तबकडीतला मुख्य माल आपल्याकडचाच, लाख! झाडावरच्या किड्यांची लाख, त्यात दगडाची भुकटी वगैरे मिसळून ही तबकडी होई. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं. अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गवयांना तास-तासभर चालणारा राग तेवढ्यात आवरता घ्यावा लागला.

माझ्या लहानपणी लग्नात भोंगा लागायचा. भोंगेवाला पेटीजवळ बसलेला आणि आम्ही पोरं त्याच्याभोवती. सनईची तबकडी लावली की एका जागी सुई हमखास अडकायची. तोच तुकडा पुन्हा पुन्हा. वऱ्हाडी मंडळी हसायची. भोंगेवाला शांतपणे सुई उचलून किंचित पुढं ठेवायचा, की सनई चालू!

यामागचं कारण पुढं वाचनात आलं. तबकडीवर बाहेरून आत जाणारी एकच लांब वळणदार खाच असते. कुठं चरा पडला, खाचेची कड तुटली, की सुई पुढं न जाता घसरून मागच्या फेऱ्यात येते. तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते, म्हणजे एक फेरा पाऊण सेकंदाचा. म्हणून तो पाऊण सेकंदाचा तुकडाच ऐकू येत राहतो. इथं अडखळण्याची जागा ठरलेली. यंत्र बदला, सुई बदला, गाणं बहुधा तिथंच अडकणार, कारण दोष तबकडीत आहे. उलट चावी उतरली की गाणं कुठंही रडायला लागायचं. तो दोष यंत्राचा. चावी दिली की झालं. म्हणजे स्टँडवरच्या पोराचा प्रश्न भोंगेवाल्याला बरोबर ठाऊक होता म्हणायचा!

मग आला रेडिओ. मुंबईचं केंद्र २३ जुलै १९२७ चं, नागपूरचं १९४८ चं. आमच्या गावात रेडिओ मोजक्या घरी. आम्ही पोरं ओसरीबाहेर उभं राहून ऐकायचो. १९५२ च्या सुमारास आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली, तेव्हा नभोवाणीमंत्री केसकर होते. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली आणि सारा देश सिलोनकडं कान लावून बसला. १९५७ मध्ये विविध भारती आली तरी आमच्या घरी सिलोनची सवय काही सुटली नाही.

सिलोनचं गाणं मात्र लाटेवर बसून यायचं. आत्ता खणखणीत, आत्ता विरलेलं, आणि नेमकं कडव्याच्या शेवटी पार गुडुप. आम्ही केंद्राला नावं ठेवायचो, पण केंद्राचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. लघुलहरी आकाशात उंच जातात आणि आयनांबर नावाच्या विद्युतभारित थरावरून परत जमिनीकडं वळतात. हा थर खरोखर आहे हे ॲपलटननं इंग्लंडमध्ये १९२४ साली दाखवलं. आपल्याकडं कलकत्त्याला शिशिरकुमार मित्रांनी त्याचा कसून अभ्यास केला. थर सतत हलता, म्हणून एकच लाट दोन वाटांनी येते. दोन्ही जुळल्या तर आवाज चढतो, एकमेकींना छेद गेला तर बुडतो. उपाय काय? कडुनिंबावर लांब तार चढवायची. मध्यम लहरींचं केंद्र असेल तर ट्रान्झिस्टरच इकडून तिकडं फिरवून बघायचा, कारण त्याच्या पोटातली फेराइटची कांडी एका दिशेनं जास्त ओढते. आमचे वडील अंगणात रेडिओ फिरवत बसायचे ते मला तेव्हा वेड्यासारखं वाटायचं. पण त्यांचं बरोबरच होतं.

रेडिओत एक गोष्ट मात्र वेगळी. इथं साठवण काही नाही. विरलेलं कडवं गेलं ते गेलं. सुई उचलून पुढं-मागं करायची सोय नाही.

ती सोय कॅसेटनं दिली, आणि तीही आपल्या हातात. फिलिप्सनं १९६३ मध्ये कॅसेट आणली. आपल्याकडं खेडोपाडी ती पोचली ऐंशीच्या दशकात. जेमतेम चार मिलिमीटर रुंदीची फीत, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेगानं सरकणारी. एक पोलादी दांडी आणि एक रबरी चाक मिळून तिला ओढतात. चाकावर मळ बसला की फीत गुंडाळली जाते, मग आवाज गुरगुरतो. आपण सगळ्यांनीच कॅसेटच्या भोकात पेन्सिल घालून फीत गुंडाळली आहे की नाही? आणि कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन डोकं पुसलं आहे! इथंही तीच परीक्षा. सगळ्याच कॅसेटी गुरगुरल्या तर यंत्र पुसा. एकच कॅसेट एकाच जागी गुरगुरली तर फीत चुरगळली समजा.

कॅसेटची खरी पुण्याई वेगळीच. सामान्य माणसाला आपल्या घरचा आवाज भरून ठेवता आला. पुण्याला हेमा राईरकर आणि गी पॉइटेविन यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचं केवढं मोठं काम केलं! लाखावर ओव्या लिहून घेतल्या, नव्वदच्या दशकात हजारो ध्वनिमुद्रितही केल्या. २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर त्या लोकांसमोर येऊ लागल्या. मला १९८६ मध्ये यातलं काहीच माहीत नव्हतं. मला फक्त माय गाते ते ठेवायचं होतं.

आता थोडं सीडीबद्दल, कारण मोबाईलचं कोडं तिथून सुटतं. सीडी १९८२ ची. तिच्यात आवाज खाचेत कोरलेला नसतो, आकड्यांत लिहिलेला असतो. सेकंदाला ४४,१०० मोजमापं! चरा पडला तर? रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६० मध्ये एक युक्ती काढून ठेवली होती. आकड्यांबरोबर थोडे जादा आकडे लिहायचे, म्हणजे हरवलेले आकडे गणितानं भरून काढता येतात. शिवाय शेजारचे आकडे तबकडीवर लांब लांब विखरून ठेवायचे. त्यामुळं अडीच मिलिमीटरपर्यंतचा चरा कानाला कळतसुद्धा नाही. आणि हातात घेऊन फिरायच्या सीडी प्लेअरनं आणखी एक केलं. पुढच्या काही सेकंदांचं गाणं आधीच वाचून साठवायला सुरुवात केली, म्हणजे धक्का बसला तरी साठ्यातून गाणं चालू राहतं.

मोबाईलही हेच करतो. आपल्या गावाकडचा दाखला देतो. नळ काही चोवीस तास येत नाही. आपण टाकी भरून ठेवतो आणि टाकीची तोटी मात्र सारखी धार देते. फोनमध्ये फाईल हा नळ, प्रोसेसर टाकी भरणारा आणि कान तोटीखाली. टाकी वेळेवर भरली नाही की धार तुटते. त्यालाच आपण 'गाणं अडकलं' म्हणतो. मग टाकी वेळेवर का भरली नाही, एवढंच शोधायचं असतं.

दुसऱ्या दिवशी वही-पेन घेऊन बसलो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगशाळेचा नियम.

आधी ओव्या तीनदा ऐकल्या आणि आवाज तुटला ती वेळ लिहिली. तिन्ही वेळा जागा वेगळी! अर्धी भीती तिथंच गेली. फाईलचा दोष असता तर जागा हलली नसती.

मग ब्लूटूथचा स्पीकर बंद करून साधे वायरचे इअरफोन लावले. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, त्याच पट्ट्यात घरचं वायफायही असतं. शिवाय आपलं पाण्यानं भरलेलं शरीर मध्ये आलं तरी त्या लहरी अडतात. पण फरक पडला नाही. मग फाईल कार्डावरून फोनच्या स्वतःच्या जागेत घेतली, कारण जुनी कार्डं मंद होतात. तरी तेच. फोनमध्ये जागा भरपूर होती. नेटवर्कचा प्रश्न नव्हता, कारण गाणं फोनमध्येच होतं. (नेटवरून ऐकणाऱ्यांनी ते आधी उतरवून घ्यावं, निम्मी कटकट वाचते.)

शेवटी एक ध्यानात आलं. पडदा चालू असला की ओव्या सुरळीत, पडदा विझला की थोड्या वेळानं तुटतात! वही घेऊन पुन्हा स्टँडवर गेलो. पोरगा हसला. "सर, फाईल चांगली हाय. मोबाईल झोपून रायला."

झालं होतं असं, की चार्जिंग टिकत नाही म्हणून मीच बॅटरी वाचवण्याची सोय चालू करून ठेवली होती. २०१५ मध्ये अँड्रॉइडची सहावी आवृत्ती आली तेव्हापासून फोन नुसता पडून असला की मागची कामं थोपवून धरण्याची व्यवस्था आहे. गाणं वाजवणाऱ्या ॲपला तशी सूट असते. पण काही फोनांत त्यावर आणखी कडक बंधनं असतात, प्रोसेसरचा वेगही कमी होतो आणि टाकी भरणारा गडीच पेंगतो. सेटिंगमध्ये जाऊन बॅटरीच्या यादीत गाण्याच्या ॲपवरचं बंधन काढलं. पाच मिनिटांचं काम.

घरी येऊन पडदा विझवून सगळ्या ओव्या शेवटपर्यंत ऐकल्या. कुठंच तुटलं नाही... एक जागा सोडून. चौथ्या ओवीच्या मध्ये दोन-तीन सेकंद आवाज थांबतो. पुन्हा ऐकलं. त्याच जागी. पुन्हा लावलं, तीच जागा. आता माझ्याच नियमानं हा दोष फाईलचा ठरत होता!

कान देऊन ऐकलं आणि मग आठवलं. त्या दिवशी मी मायला गा म्हटलं तर ती म्हणाली, "जात्याबिगर कशी आठवन रे?" पीठ गिरणीतून यायला लागून तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती, जातं फक्त डाळ भरडायला उरलं होतं. म्हणून तुरी घेऊन बसली आणि भरडता भरडता गायली. ती थांबते तेव्हा घरघर मंदावते आणि दाणे पडल्याचा बारीक आवाज येतो. माय जात्याच्या तोंडात वैरण घालत होती. २००९ पासून इतक्या वेळा ऐकूनही हे मला कधी ऐकू आलं नव्हतं.

आता घरच्या मंडळींना एक सांगणं. ही फाईल मी दोन पेनड्राइव्हवर घेतली आहे. एक धाकटीकडं पोचता केला आहे, दुसरा कपाटात कॅसेटजवळ आहे. बाकीच्यांनीही दिवाळीला याल तेव्हा आपापल्या फोनमध्ये घेऊन जा. आणि चौथ्या ओवीत आवाज थांबला तर फोन दुरुस्तीला नेऊ नका.