रेगडीतली मोटारसायकल: नांदेड-लातूरच्या गॅरेजांचा इतिहास

शहरातल्या रस्त्यासाठी बनलेली मोटारसायकल शेतशिवारात चालेल अशी करून घेण्याचा धंदा नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत उभा राहिला तो इथल्या जमिनीमुळे. गोदावरी, मांजरा, मन्याड आणि लेंडी यांच्या खोऱ्यांत काळी रेगडी आहे. अहमदपूर, कंधार, मुखेड या बाजूला बालाघाटच्या रांगांवर मुरमाड आणि भरड जमीन लागते, तर किनवट-माहूरकडे डोंगर आणि सागाचे जंगल. रेगडी पाणी प्याली की फुगते आणि चाकाला गच्च धरते. वाळली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि बैलगाडीच्या चाकोऱ्या दगडासारख्या कडक होतात. पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात फुफाटा असे दोन वेगळे शत्रू एकाच वाटेवर भेटतात. इथल्या मिस्त्र्यांनी केलेल्या बहुतेक फेरफारांचे मूळ या दोहोंत सापडते.

मोटार येण्यापूर्वी या वाटा बैलांच्या आणि घोड्यांच्या होत्या. कंधारचा लालकंधारी आणि देवणीचा देवणी हे गोवंश याच भागातले, आणि लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा बाजार आजही भरतो. निजामाच्या राज्यात विसाव्या शतकाच्या आरंभी नांदेडला गोदावरी खोऱ्यातून मीटरगेज रेल्वे आली, लातूरला बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी आली. संस्थानाच्या रेल्वे खात्याने 1932 साली बससेवाही सुरू केली. पण स्टेशन किंवा बसथांब्यापासून गावापर्यंत, आणि गावापासून आखाड्यापर्यंत, म्हणजे शेतातल्या वस्तीपर्यंत, गाडीवाटच होती. 1948 साली संस्थान भारतात आले आणि 1956 साली मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, तरी हे शेवटचे दोन-चार कोस तसेच राहिले.

त्यात मोठा फरक पडला तो 1972 च्या दुष्काळाने. रोजगार हमीच्या कामांवर लाखो माणसे खडी फोडायला बसली आणि गावोगाव मातीचे भराव, मुरमाचे आणि खडीचे रस्ते निघाले. कित्येक ठिकाणी खडी अंथरली गेली, पण तिच्यावर डांबर पडायला पुढे वर्षानुवर्षे लागली. उघड्या खडीच्या अशा रस्त्यावर चारचाकी हळूच जाई. दुचाकी मात्र कडेच्या पायवाटेने वाट काढी. मोटारसायकल खेड्यात शिरली ती या रस्त्यांवरून. दुष्काळाच्या इतिहासात ही बाजू क्वचितच नोंदली जाते, ती नोंदायला हवी.

तेव्हा बाजारात तीन घराणी होती. मद्रासच्या एन्फिल्डची बुलेट 1955 पासून देशात होती. म्हैसूरची आयडियल जावा 1961 पासून 250 सीसीची जावा बनवत होती, तीच पुढे येझदी झाली. एस्कॉर्ट्सने 1960 च्या दशकाच्या आरंभी पोलंडच्या एसएचएल गाडीवरून राजदूत काढली. तिचे इंजिन 175 सीसी वर्गातले, टू-स्ट्रोक, आणि गिअर तीन. खेड्याच्या कामाला राजदूतच सर्वांत योग्य ठरली. तिच्या इंजिनात झडपा नाहीत, कॅमशाफ्ट नाही. हेड काढायला चार नट पुरत. ज्याच्याजवळ पान्ह्यांचा संच आणि एक प्लग-पाना आहे तो झाडाखालीही ती उघडू शके. दूधवाल्यांनी तिच्या मागे लोखंडी चौकट वेल्डिंग करून घेतली आणि दोन्ही बाजूंना चाळीस लिटरच्या कॅन टांगल्या. म्हणजे ऐंशी किलोंहून जास्त वजन मागच्या चाकावर, तेही खडीवर. त्यामुळे मागचे शॉकअप बसत, स्पोक तुटत आणि रिम वाकडी होई. चाक उलटे टांगून एकेक स्पोक कसत ‘आउट’ काढणे ही गॅरेजात शिकाऊ पोराला मिळणारी पहिली विद्या असे.

टू-स्ट्रोकची निगा म्हणजे कार्बनशी रोजची झुंज. पेट्रोलमध्ये ठरलेल्या प्रमाणात ऑइल मिसळावे लागे. जास्त पडले तर प्लग काळा पडे, कमी पडले तर पिस्टन सिलिंडरमध्ये चिकटे. पैसे वाचवण्यासाठी रॉकेल मिसळण्याची सवय होती, त्याने काजळी आणखी साचे. सायलेन्सर बुजला की गाडीची ओढ जाई. मग तो काढून भट्टीत लाल करून झाडत, किंवा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजत ठेवत. फुफाट्याने होणारे नुकसान याहून खोल असे. मुरमाची बारीक धूळ फिल्टरमधून निसटून सिलिंडरमध्ये जाई आणि भिंती घासून टाकी. कॉम्प्रेशन गेले की सिलिंडर लेथवाल्याकडे नेऊन बोअर करायचे आणि पाव किंवा अर्धा मिलिमीटर मोठा पिस्टन बसवायचा. जिल्ह्याच्या गावी बोअरिंग मशीन आल्यावर आजूबाजूच्या तालुक्यांचे मिस्त्री सिलिंडर पिशवीत घालून एसटीने तिथे येऊ लागले. धुळीवर ऑइलमध्ये भिजवून पिळलेल्या फोमच्या फिल्टरचा उपाय त्यांना सापडला. जगभरच्या मोटोक्रॉस गाड्यांतही हाच फिल्टर असतो.

चिखलासाठी झालेला बदल आणखी महत्त्वाचा. रस्त्याच्या गाडीचे पुढचे मडगार्ड टायरला जवळजवळ खेटून असते. रेगडीत शंभर पावले गेले की टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये माती ठासून बसते आणि चाक फिरायचेच थांबते. ब्रेक दाबला नसतानाही गाडी जागेवर खिळते. तेव्हा खाली उतरून काठीने किंवा खुरप्याने माती उकरायची, दहा-वीस हात ढकलायचे आणि पुन्हा उकरायचे. यावर एक तोडगा म्हणजे पावसाळ्यापुरते पुढचे मडगार्ड काढून ठेवणे, मग चालवणाऱ्याच्या तोंडावर चिखल उडाला तरी चालेल. दुसरा तोडगा म्हणजे पट्ट्या लांबवून मडगार्ड टायरपासून चार बोटे वर बसवणे. 1968 साली यामाहाने अमेरिकेत डीटी-1 आणली आणि रस्ता व रान दोन्हींसाठी एकच गाडी हा प्रकार लोकप्रिय केला. तिच्या उंच मडगार्डामागचे कारण हेच होते. रेगडी तुडवणाऱ्या मिस्त्र्याने ती गाडी पाहिलेली नव्हती. अडचण सारखी, म्हणून उत्तरही सारखे निघाले.

ओढ वाढवण्याची युक्ती चेनमध्ये होती. पुढच्या स्प्रॉकेटचे 14 दात 13 केले की मागच्या चाकाला मिळणारी ओढ सुमारे 8 टक्क्यांनी वाढते आणि वेग सुमारे 7 टक्क्यांनी घटतो. शेतरस्त्यावर वेगाचा उपयोग नसल्याने हा सौदा फायद्याचा होता. ओढ्यातून जाताना प्लगची टोपी आणि ठिणगी जुळवणारे पॉइंट भिजून गाडी बंद पडे, म्हणून टोपीभोवती ग्रीस भरून प्लास्टिक बांधत. पुढे पॉइंटची जागा सीडीआय या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने घेतली आणि हा त्रास बराच कमी झाला.

1980 च्या दशकात चित्र बदलले. लातूर 1982 साली उस्मानाबादपासून वेगळे होऊन स्वतंत्र जिल्हा झाले. 1985 साली बजाजचा वाळूजचा कारखाना औरंगाबादजवळ सुरू झाला. त्याच वर्षी यामाहाची आरएक्स-100 आणि हीरो होंडाची 97 सीसीची फोर-स्ट्रोक सीडी-100 बाजारात आली. तरुणांचा ओढा आरएक्सकडे होता, पण शेतकऱ्याच्या घरात सीडी-100 आणि 1994 नंतर तिची धाकटी बहीण स्प्लेंडर शिरली. पेट्रोलची बचत हे उघड कारण होते. दुसरे कारण चेनवरचे पूर्ण बंद कव्हर. उघड्या चेनवर ऑइल आणि धूळ मिळून घासणारा लेप तयार होतो आणि तो स्प्रॉकेटचे दात खातो. बंद कव्हरमुळे चेनसेट जास्त टिकू लागला. फोर-स्ट्रोकला मात्र वेळेवर ऑइल बदलणे आणि टॅपेट जुळवणे आवश्यक. झाडाखाली हेड उघडण्याचे दिवस तिथेच संपले आणि मिस्त्र्यांना फीलर गेज वापरायला शिकावे लागले. याच काळात बजाजची एम-एटी, म्हणजे मध्ये पाय टाकून बसता येणारी हँडल-गिअरची गाडी, कडब्याच्या पेंढ्या, खताची पोती आणि फवारणीचे पंप वाहू लागली. एन्फिल्डची 325 सीसीची डिझेल बुलेटही कमी खर्चामुळे काही मोठ्या शेतकऱ्यांनी घेतली. ती हळू होती आणि तिचा थरथराट हाडांत जाई.

30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली 52 गावे नव्या जागी वसवली गेली. नवी गावे ऐसपैस झाली, पण अनेक ठिकाणी शेत घरापासून लांब पडले आणि पायी जाणे अवघड झाले. पुढे सोयाबीन पसरले आणि वर्षातून एकदा हाती येणाऱ्या रोख रकमेतून हप्त्यावर गाडी घेणे शक्य झाले. निलंग्यातल्या एका कारागिराने तर बुलेटच्या भागांवरून छोटा ट्रॅक्टर बनवला, त्याची दखल वृत्तपत्रांनीही घेतली. तो या परंपरेतला सर्वांत धीट बदल म्हणावा लागेल.

कारखान्यातून तयार होऊन आलेली दुहेरी उपयोगाची गाडी या भागात फार उशिरा पोहोचली. हीरोची 150 सीसीची इम्पल्स 2011 साली आली, पण तिची ताकद कमी वाटली आणि काही वर्षांत ती बंद झाली. 2016 ची 411 सीसीची हिमालयन आणि 2019 ची 200 सीसीची एक्सपल्स यांनी प्रवाशांचा नवा वर्ग तयार केला. दोघींचे पुढचे चाक 21 इंची आहे. मोठे चाक खड्ड्यात न पडता त्याच्या काठांवरून निघून जाते. जमिनीपासूनची उंची 220 मिलिमीटर, तर स्प्लेंडरची 160 च्या आसपास. माहूरच्या घाटांत आणि किनवटच्या जंगलवाटांवर या गाड्या दिसतात. शेतात त्या दिसत नाहीत, कारण त्यांच्या उंच सीटमागे कॅन टांगायला जागा नाही. खेड्यातला शेतकरी आजही स्प्लेंडरच उंच करून घेतो.

या फेरफारांना कायद्याची चौकट आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने मालकाने केलेल्या अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. मोठ्या आवाजाचे सायलेन्सर आणि बदललेली इंजिने त्यात सरळ सापडतात. स्प्रॉकेटचा एक दात किंवा मडगार्डाची पट्टी यांच्याकडे तपासणी नाक्यावर सहसा कोणी पाहत नाही.

1 एप्रिल 2020 पासून धुराबाबतचे बीएस-6 नियम लागू झाल्यावर बहुतेक नव्या मोटारसायकलींचा कार्बोरेटर गेला. इंधन किती सोडायचे हे सेन्सर ठरवतात. जेट बदलून किंवा स्क्रू फिरवून ओढ वाढवण्याची वाट त्यामुळे बंद झाली, आणि बिघाड शोधायला स्कॅनर लागतो. नांदेड-लातूरच्या मोठ्या गॅरेजांनी तो घेतला आहे. तालुक्याच्या गावी मात्र स्प्लेंडरच्या जुन्या कार्बोरेटरच्या गाड्या आणि जपून ठेवलेल्या एम-एटी दुरुस्त करणारी दुकाने चालू आहेत. त्यांचे सुटे भाग अजून बाजारात मिळतात.