शूटर गेममध्ये अटॅचमेंटचा समतोल कसा साधतात?

शूटर गेममध्ये बंदुकीला जोडायच्या सुट्या भागांना अटॅचमेंट म्हणतात. जुलै २०२१ मध्ये भारतात आलेला बीजीएमआय आज मुंबई-पुण्यात आणि वाणगाव-बोईसरकडेही मोबाइलवर खेळला जातो. त्याच्या नेहमीच्या सामन्यात स्कोप, ग्रिप, कंपेन्सेटर असे भाग नकाशावर शोधावे लागतात.

समतोल का लागतो?
एखादा भाग सर्वच बाबतींत सरस ठरला, तर सगळे तोच लावतात आणि निवडीला अर्थ उरत नाही. म्हणून फायद्यासोबत काही तरी सोडावे लागते. कंपेन्सेटर गोळीबाराचा धक्का, म्हणजे रिकॉइल, कमी करतो. सप्रेसर आवाज दबवतो. दोन्ही नळीच्या टोकालाच बसतात, त्यामुळे एकच निवडता येतो. एम४१६ ला अनेक भाग जोडता येतात. एकेएमला ग्रिप लागत नाही, पण तिची एक गोळी जास्त नुकसान करते.

गणित कसे असते?
समजा, तीन भाग प्रत्येकी ३० टक्के धक्का कमी करतात. सरळ बेरीज केली, तर ९० टक्के धक्का जातो आणि नेम सांभाळायचे कसबच संपते. प्रत्येक भागाचा परिणाम उरलेल्या धक्क्यावर मोजला, तर ०.७ × ०.७ × ०.७, म्हणजे सुमारे ३४ टक्के धक्का उरतो. भाग उपयोगी ठरतात, पण सरावाची गरज राहते.

पैशाचे काय?
ताकद वाढवणारे भाग विकत मिळू लागले, की हे सारे गणित कोलमडते. मग सराव करणारा हरतो आणि खर्च करणारा जिंकतो.