बोटीआधीचा युरोप

विलायतेत शिकलेला मुलगा साताऱ्याकडे परत निघाला, की त्याचा समुद्रप्रवास लंडनच्या गोदीतूनच सुरू होईल असं नव्हतं. १८६९च्या नोव्हेंबरात सुएझचा कालवा खुला झाला आणि त्याच्यापुढे दोन वाटा आल्या. इंग्लंडच्याच बंदरात बोटीवर चढायचं, बिस्केच्या उपसागराच्या लाटा सोसायच्या आणि जिब्राल्टरला वळसा घालून भूमध्य समुद्रात शिरायचं, ही पहिली. दुसरी अशी, की आगगाडीनं युरोप ओलांडायचा आणि मार्सेलिस, जिनोआ, नेपल्स किंवा ब्रिंडिसीला बोट गाठायची. १८७०पासून हिंदुस्थानची टपालसुद्धा ब्रिंडिसीमार्गे जाऊ लागली. या दुसऱ्या वाटेत काही दिवस वाचत, मळमळ टळे आणि मुख्य म्हणजे वाटेत उतरता येई. शिक्षण संपलेलं, घरची जबाबदारी अजून अंगावर पडलेली नाही, अशा दिवसांत पॅरिस, ऱ्हाइनचा काठ, आल्प्स आणि इटली पाहून घेण्याची सोय तिकिटातच होती. कृष्णाकाठच्या विद्यार्थ्यांच्या शेवटच्या युरोपसहलीचा इतिहास या बंदरांच्या वेळापत्रकापासून सुरू होतो.

त्याआधी परतीचा प्रवास किती वेगळा होता, हे रंगो बापूजी गुप्त्यांकडे पाहिलं म्हणजे कळतं. प्रतापसिंह महाराजांना १८३९ साली गादीवरून काढल्यावर त्यांची बाजू मांडण्यासाठी साताऱ्याचा हा वकील लंडनला गेला आणि १८५३पर्यंत तिथेच झगडत राहिला. चौदा वर्षं! मधल्या काळात महाराज काशीला नजरकैदेतच वारले, साताऱ्याचं राज्य खालसा झालं. रंगो बापूजी परतले ते कर्जानं पिचलेले. वाटेत शहरं पाहायला ना पैसा होता, ना उसंत.

युरोपातून हिंडत परतण्याच्या या रीतीत सर्वांत ठसठशीत, आणि सर्वांत दुःखद, नाव एका वीस वर्षांच्या तरुणाचं आहे. पाटणकरांच्या घरात जन्मलेले नागोजीराव १८६६ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि राजाराम महाराज झाले. ते कुठल्या कॉलेजात दाखल नव्हते, पण १८७०चा त्यांचा युरोपचा दौरा आखला गेला तो शिक्षणासाठीच. सोबत कॅप्टन एडवर्ड वेस्ट होते आणि आपली माणसं होती. लंडनमध्ये त्यांनी व्हिक्टोरिया राणीची भेट घेतली, दादाभाई नौरोजींना भेटले, कारखाने नि शाळा पाहिल्या आणि हे सगळं रोजच्या रोज इंग्रजीत टिपून ठेवलं. नोव्हेंबरात परतीला निघाले, तेव्हा प्रशियाच्या फौजांनी पॅरिसला वेढा घातला होता, त्यामुळे फ्रान्सची वाट बंद. बेल्जियम, जर्मनी करत, ऐन थंडीत आल्प्स ओलांडून मंडळी इटलीत उतरली. वाटेतच महाराजांचं दुखणं बळावलं. तेव्हा इटलीची राजधानी असलेल्या फ्लॉरेन्समध्ये ३० नोव्हेंबर १८७० रोजी ते वारले.

पुढे काय करायचं, हा प्रश्न सोबतच्या माणसांपुढे होता. त्या शहरात दहनाची रीत नव्हती. नगरपालिकेची परवानगी मिळवून त्यांनी आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, रात्रीच्या वेळी, आपल्या पद्धतीनं अंत्यसंस्कार केले. परक्या मुलखात, परकी भाषा बोलणाऱ्या अधिकाऱ्यांसमोर संगमावरच्या दहनाचा आग्रह धरणारी ती कोल्हापूरची माणसं इतिहासात जवळजवळ अनाम राहिली. त्यांच्या धीराला दाद द्यायला हवी. १८७४ साली चार्ल्स फुलर या इंग्रज शिल्पकारानं घडवलेला महाराजांचा अर्धपुतळा छत्रीखाली तिथे उभा राहिला. शेजारच्या पुलालाही फ्लॉरेन्सकर ‘भारतीयाचा पूल’ याच अर्थाच्या नावानं ओळखतात. कॅप्टन वेस्टनी १८७२ साली महाराजांची रोजनिशी छापली, म्हणून त्या तरुणाची नजर आपल्याला कळते. शिकायला युरोपात गेलेल्या मराठी मुलामुलींनी फ्लॉरेन्स पाहताना कास्चिने उद्यानाच्या पार टोकाला असलेल्या या छत्रीपर्यंत चालत जावं. गॅलऱ्यांच्या रांगेपेक्षा तो तासभर सार्थकी लागेल.

तेहेतीस वर्षांनी विठ्ठल रामजी शिंदे याच परतीच्या वाटेवर होते. त्यांचा जन्म १८७३चा, जमखंडीचा. सांगली-मिरजेप्रमाणे तेही पटवर्धनांचंच संस्थान. फर्ग्युसनमधून पदवी घेतल्यावर १९०१ साली ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांच्या तौलनिक अभ्यासासाठी गेले. वाटखर्चाला सयाजीराव गायकवाडांची मदत होती. तिथून ‘सुबोध पत्रिके’ला त्यांनी पाठवलेली पत्रं आजही वाचावीशी वाटतात, कारण हा माणूस इमारतींइतकीच वस्त्यांमधली माणसंही पाहत होता. १९०३च्या सप्टेंबरात, अभ्यास संपवून परतण्याआधी, ते ॲमस्टरडॅमला गेले. तिथे उदार धर्ममतांच्या लोकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. हिंदुस्थानातल्या उदार धर्मावर त्यांनी तिथे निबंध वाचला आणि मग युरोपातून बोट गाठून ऑक्टोबरात मुंबईला उतरले. तीन वर्षांत, १८ ऑक्टोबर १९०६ रोजी, त्यांनी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन सुरू केलं. उत्तरायुष्यात वाईच्या ब्राह्म समाजाशी त्यांचं घट्ट नातं राहिलं. त्यांच्या परतीच्या प्रवासाला निव्वळ सहल म्हणणं चूक होईल, तो त्यांच्या कामाचाच पहिला टप्पा होता.

या वाटेला आणखी एक अर्थ होता आणि तो साताऱ्या-वाईकडच्या घरांना चांगला ठाऊक होता. समुद्र ओलांडून आलेल्याला पंगतीत घ्यायचं की नाही, यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला घराघरांत भांडणं होत. १८९० साली पुण्यात पंच हौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून उठलेलं वादळ सर्वांना आठवत होतं. तिथे तर समुद्र ओलांडण्याचा प्रश्नही नव्हता! विलायतेहून आलेल्यापुढे पंचगव्य आणि प्रायश्चित्त वाढून ठेवलेलं असे. तेव्हा युरोपातले शेवटचे काही दिवस म्हणजे बंगाली, पारशी, मुसलमान, इंग्रज मित्रांबरोबर एका टेबलावर जेवण्याचेही शेवटचे दिवस ठरू शकत. घरी पोचल्यावर तो गोतावळा पुन्हा तसा जमणं कठीण होतं. सहलीच्या ओढीमागे या गोष्टीचा वाटा मोठा असणार.

१९३०च्या दशकात इटालियन बोटींनी ही वाट आणखी रुळवली. गोलमेज परिषदेहून परतताना गांधीजीही स्वित्झर्लंडात रोमां रोलांना भेटून, रोम पाहून, १९३१च्या डिसेंबरात ब्रिंडिसीहून ‘पिल्स्ना’ बोटीनं निघाले आणि दोन आठवड्यांनी मुंबईला पोचले. याच दशकात खटाव तालुक्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात संख्याशास्त्र शिकत होते. १९३६ साली त्यांनी पीएच.डी. मिळवली. औंधच्या पंतप्रतिनिधींचे चिरंजीव अप्पा पंत ऑक्सफर्डला शिकून, बॅरिस्टर होऊन १९३७ साली परतले. दोन वर्षांच्या आत औंध संस्थानानं कारभार प्रजेच्या हाती दिला आणि आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत, स्वतंत्रपूर, उभी राहिली. ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटामुळे ती पुढे देशभर पोचली.

सुखात्मे आणि अप्पा पंत या दोघांच्या बाबतीत एक विलक्षण गोष्ट घडली. तरुणपणी मागे सोडलेला युरोप त्यांना पुन्हा भेटला, तोही रोममध्ये. सुखात्मे १९५१पासून जागतिक अन्न व शेती संघटनेच्या तिथल्या मुख्यालयात संख्याशास्त्राचं काम पाहत होते आणि सत्तरच्या दशकात अप्पा पंत इटलीत भारताचे राजदूत झाले. बुध आणि औंध एकाच खटाव तालुक्यात आहेत.

बोटींचा काळ मात्र सरत होता. ८ जून १९४८ला एअर इंडियाचं पहिलं विमान कैरो आणि जिनिव्हावरून लंडनला गेलं. १९६७च्या युद्धात सुएझ बंद पडला, तो १९७५पर्यंत उघडला नाही. तोवर विद्यार्थी विमानानं ये-जा करू लागला होता. विमान युरोपवरून उडतं, युरोपातून जात नाही. परतीच्या वाटेतली सहल अशी तिकिटातून गळून पडली आणि ती वेगळी आखावी लागू लागली.

आज सांगलीच्या वालचंद कॉलेजातून, कराडच्या शासकीय अभियांत्रिकीतून किंवा इस्लामपूरच्या राजारामबापूंच्या नावाच्या संस्थेतून मुलंमुली एम.एस.साठी जर्मनीला जातात. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, पण निघण्याआधी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावे लागतात. त्यातून महिन्याला ९९२ युरो मिळतात. त्यात खोलीभाडं, विमा आणि जेवण. दोन वर्षं सुट्टीत अर्धवेळ काम करून, डाळ-भातावर भागवून मग प्रबंध द्यायच्या सुमारास ग्रुपवर विषय निघतो, “लास्ट ट्रिप कुठे करायची?”

हा प्रश्न तेव्हाच निघतो, याला कारण आहे. विद्यार्थ्याच्या निवास परवान्यावर शेंगेनच्या इतर देशांत १८० दिवसांत ९० दिवस बिनव्हिसा फिरता येतं. २०२५पासून रुमानिया-बल्गेरियाच्या जमिनीवरच्या सीमाही खुल्या झाल्यानं, जर्मनी धरून, असे २९ देश आहेत. युरोपात राहणाऱ्यांसाठी १९७२ साली निघालेला इंटररेलचा पासही या विद्यार्थ्याला मिळतो. परवाना संपला की हे दोन्ही हक्क गेले. सांगलीहून पुन्हा यायचं तर नवा व्हिसा, बँकेची कागदपत्रं, मुलाखतीची तारीख. म्हणजे पूर्वी बोटीची तारीख सहल ठरवायची, आता परवान्याच्या प्लॅस्टिक कार्डावरची तारीख ठरवते.

शिवाय आता सगळे परतत नाहीत. पदवीनंतर जर्मनीत नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो. एकजण म्युनिकला थांबतो, एकजण हॅम्बुर्गला, तिसऱ्याला घरून बोलावणं येतं. त्यामुळे सहल घरी जाण्याआधी करण्यापेक्षा एकमेकांपासून पांगण्याआधी करणं महत्त्वाचं होतं. रात्रीच्या बसनं प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, शक्य झालं तर इटली. रात्रीची बस निवडायची, कारण हॉटेलचं एक भाडं वाचतं. या मुलांनी काटकसरीत आखलेल्या या दिवसांना आपण चैन म्हणू नये.

आणि कामांचा क्रमही त्यांना नीट ठाऊक असतो. आधी प्रबंध, मग सहल. सहलीहून परतल्यावर सायकल विकायची, भिंती रंगवून खोलीचा ताबा द्यायचा, अनामत परत मागायची, आणि अगदी शेवटी नगर कार्यालयात जाऊन देश सोडत असल्याची नोंद करायची, कारण तो कागद दिल्याशिवाय विम्याचं खातं सहज बंद होत नाही.