बुरुजावरचं मुंडकं

नगरच्या भुईकोट किल्ल्याचं नाव काढलं की बहुतेकांना १९४२ आठवतं. दुसरं महायुद्ध चालू, 'चले जाव'ची हाक दिलेली, आणि नेहरू, पटेल, मौलाना आझाद वगैरे मंडळींना इंग्रजांनी इथे आणून ठेवलेलं. 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' १९४४ मध्ये इथेच लिहून झालं. पण या किल्ल्यातल्या कैद्यांच्या यादीत एक नाव असंही आहे, ज्याच्याबद्दल कुणालाच फारसं वाईट वाटत नाही. आज त्याची गोष्ट.

मीरान हुसेन निजामशाह. साल १५८८. वय विशीच्या आतलं. बाप मुर्तझा निजामशाह लोकांत 'दिवाणा' म्हणून प्रसिद्ध. वर्षानुवर्षं महालात कोंडून घेतलेला, कारभार दुसऱ्यांच्या हाती. त्याला मुलाचा संशय येऊ लागला, आणि फरिश्ता हा इतिहासकार सांगतो की त्याने मुलाच्या बिछान्यालाच आग लावली. पोरगं वाचलं. मग ते मिर्झा खान नावाच्या सरदाराला आणि फौजेला घेऊन परत आलं, किल्ला ताब्यात घेतला आणि बापाला हमामखान्यात कोंडलं. दारं-खिडक्या बंद, खालून जाळ. संपला विषय.

इथवर ठीक, म्हणजे त्या काळाच्या मानाने 'ठीक'. गादीसाठी बाप-भाऊ मारणारे तेव्हा सगळीकडेच होते. पण मीरान तिथे थांबला नाही. फरिश्ता म्हणतो, राजघराण्यातले पंधरा पुरुष एका दिवसात मारले गेले. दारू पिऊन हा टोळक्यासकट शहराच्या रस्त्यांवर फिरायचा आणि वाटेत येईल त्याला तलवारीने, बाणांनी मारायचा. आजच्या पोलिसी भाषेत सराईत गुन्हेगार. फरक इतकाच की पोलीसही तोच आणि न्यायाधीशही तोच.

आता फरिश्त्यावर किती विश्वास ठेवायचा? प्रश्न रास्त आहे. हा माणूस ऐकीव लिहीत नव्हता. १५८८ मध्ये तो मुर्तझाच्या पहाऱ्यावर होता. आत घुसलेल्यांनी दिसेल त्याला कापायला सुरुवात केली, तेव्हा मीराननेच त्याला ओळखलं आणि वाचवलं, कारण दोघं लहानपणी एकत्र शिकलेले. म्हणजे ज्याने जीव वाचवला त्याचे गुन्हे हा लिहून ठेवतो, आणि वाचवल्याचंही लिहितो. दुसरीकडे तो स्वतः इराणकडून आलेला, म्हणजे दरबारातल्या 'परदेशी' गटातला. हे दोन्ही लक्षात ठेवून वाचायचं.

असो. मिर्झा खान आता पेशवा झाला होता (हो, निजामशाहीत मुख्य वजिराला पेशवाच म्हणत). राजा आपल्यालाही उडवणार हे त्याने ओळखलं. १५८९ मध्ये डाव टाकून त्याने मीरानला पकडलं आणि किल्ल्यात कैदेत टाकलं. लोहगडावर मीरानचे चुलतभाऊ कैदेत होते. त्यांना आणून त्यातल्या बारा वर्षांच्या इस्माईलला गादीवर बसवायचं ठरलं.

बातमी शहरात फुटली. जमाल खानाच्या मागे दख्खनी आणि हबशी सैनिक किल्ल्याच्या दाराशी जमले. मागणी एकच: आमचा राजा दाखवा. शहर एका बाजूला, किल्ला दुसऱ्या बाजूला, उघड लढाई. आणि मधे एक कैदी.

मिर्झा खानाने काय करावं? कैद्याचं डोकं उडवलं, काठीवर खोचलं आणि बुरुजावर लावलं. ज्याच्यासाठी भांडताय तोच उरला नाही, आता नव्या राजाला माना, असा निरोप. हिशोब सरळ होता. कारणच काढून टाकलं की भांडण थांबेल.

थांबलं नाही. दाराला आग लागली, जमाव आत घुसला आणि परदेशी दिसेल तो कापला गेला. फरिश्त्याच्या मते सात दिवसांत जवळपास हजार माणसं. ज्यांचा या कटाशी काडीचाही संबंध नव्हता, तेही. मिर्झा खान जुन्नरकडे पळाला, पकडला गेला, मारला गेला. आणि कमाल बघा, जमाल खानाने गादीवर ठेवलं कुणाला? त्याच इस्माईलला! राजा कोण यावर शेवटी दोन्ही बाजूंचं एकमतच निघालं. मग ते मुंडकं कशासाठी पडलं? फरिश्ता त्याच वर्षी विजापूरला निघून गेला.

मीरानबद्दल कळवळा यावा असं मला वाटत नाही. रस्त्यात मेलेल्यांना कुणी विचारलंच नव्हतं. पण तो कैदेत होता. हातात तलवार नव्हती, कुणाला मारू शकत नव्हता. त्याच्या गुन्ह्यांचा जाब विचारायची संधी असलीच तर तेव्हाच होती. ते पंधरा जण, तो हमामखाना, रस्त्यावरची माणसं, यातलं एकही नाव त्या बुरुजावरून घेतलं गेलं नाही. त्याला मारलं ते त्याने केलेल्या खुनांसाठी नाही, तर मारणाऱ्याला घाई होती म्हणून.

याच किल्ल्यात १७९७ च्या अखेरीस पकडलेल्या नाना फडणवीसांनाही आणलं होतं. ते १७९८ मध्ये जिवंत बाहेर आले, पुन्हा कारभारात बसले. कैदी जिवंत राहिला की पुढचे मार्ग उघडे राहतात. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डी. के. बसू निकालात अटकेचे नियम घालून दिले, तेही कैद्याचा जीव ही त्याला पकडणाऱ्याची जबाबदारी आहे म्हणूनच.

तरी कोठडीत एखादा सराईत मेल्याची बातमी आली की ऑफिसच्या कँटीनमध्ये 'बरं झालं' ऐकू येतंच. तेव्हा एवढंच विचारून बघा: त्याने मारलेल्यांचा हिशोब आता कोण देणार?