नाताळचा वृक्ष : खरा की कृत्रिम?

नाताळात घरात सदाहरित वृक्ष सजविण्याची प्रथा मूळची जर्मनीतील. सजविलेल्या वृक्षाभोवती जमलेल्या व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचे चित्र १८४८मध्ये 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मध्ये प्रसिद्ध झाले आणि इंग्लंडमध्ये ही प्रथा अधिकच लोकप्रिय झाली. कृत्रिम वृक्षाचे मूळही जर्मनीतच. एकोणिसाव्या शतकात तेथे हिरवी रंगविलेली पिसे तारेवर गुंडाळून वृक्ष बनवीत. पुढे पिसांची जागा पीव्हीसी प्लॅस्टिकने घेतली.

ब्रिटनमधील 'कार्बन ट्रस्ट'च्या अंदाजानुसार, दोन मीटर उंचीच्या कृत्रिम वृक्षामागे सुमारे ४० किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते. तेवढाच खरा वृक्ष कचराभूमीत कुजल्यास ते १६ किलो, तर जाळल्यास साडेतीन किलोच्या आसपास भरते. या साडेतीन किलोंशी बरोबरी साधायची, तर एकच कृत्रिम वृक्ष किमान बारा वर्षे वापरावा लागेल.

आपल्याकडे सुरूची फांदी किंवा कुंडीतील अरोकेरिया सजविण्याचीही रीत आहे. कुंडीतील झाड सणानंतर पुन्हा गच्चीत नेता येते. मात्र घरात कृत्रिम वृक्ष आधीच असेल, तर तो टाकून देऊ नये. माळ्यावरून दर डिसेंबरात तोच उतरवावा. त्याचे प्रत्येक वाढते वर्ष पर्यावरणाच्या हिताचेच आहे.