मुंबई दूरदर्शन केंद्र आणि गिरणगावातील प्रेक्षक : नायगावच्या संदर्भात

जपानमध्ये १९५३ साली नियमित दूरचित्रवाणी प्रसारण सुरू झाले, तेव्हा संच विकत घेणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होते. खाजगी प्रसारकांनी भर रस्त्यात संच मांडले व त्यांच्यापुढे गर्दी जमू लागली. १९५७ मध्ये प्रांतोप्रांतीच्या केंद्रांना मोठ्या संख्येने परवाने मिळाले आणि तेथील दूरचित्रवाणी प्रादेशिक पायावर वाढली. भारतात मात्र दिल्लीतील १५ सप्टेंबर १९५९ च्या प्रायोगिक प्रसारणानंतर दुसरे केंद्र निघण्यास १३ वर्षे लागली. हे केंद्र म्हणजे २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळी येथे सुरू झालेले मुंबई केंद्र होय. पुढील वर्षी सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामुळे पुणे त्यास जोडले गेले.

वरळीपासून नायगाव फारसे दूर नाही. १९२० च्या दशकात उभारलेल्या बी.डी.डी. चाळींपैकी ४२ चाळी येथे होत्या. प्रत्येक चाळीत सुमारे ८० खोल्या आणि एका खोलीचे क्षेत्रफळ जेमतेम १६० चौरस फूट. अशा वस्तीत दूरचित्रवाणी संच ही एका कुटुंबाची मालमत्ता राहूच शकत नव्हती. ज्याच्याकडे संच, त्याच्या दारापासून मधल्या बोळापर्यंत शेजाऱ्यांची बैठक बसे. शनिवारचा मराठी चित्रपट व रविवारचा हिंदी चित्रपट या दिवशी तर विचारायलाच नको. जपानच्या रस्त्यावरील गर्दीचे हे चाळीतील रूप म्हणावे लागेल. फरक एवढाच की येथे यजमानीण होती आणि पाहुण्यांना तिची मर्जी सांभाळावी लागे.

या प्रेक्षकांना केंद्राने काय दिले, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. 'आमची माती आमची माणसं' हा कार्यक्रम शेतकऱ्यांसाठी असला, तरी कोकण व घाटावरून आलेल्या गिरणी कामगारास तो परका नव्हता. 'कामगार विश्व' त्याच्यासाठीच होते. चिं. वि. जोशी यांच्या साहित्यावरील 'चिमणराव' मालिकेत दिलीप प्रभावळकर व बाळ कर्वे घराघरांत पोहोचले. 'गजरा'ने नाट्यक्षेत्रातील कलावंतांना नवे व्यासपीठ दिले. स्मिता पाटील व भक्ती बर्वे यांनी येथूनच बातम्या वाचल्या. शिष्ट नागर मराठी आणि कष्टकऱ्यांची मराठी एकाच पडद्यावर आली, हे या केंद्राचे खरे कार्य होय.

१९८२ साली मात्र दोन घटना घडल्या. १८ जानेवारीस दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. १५ ऑगस्टपासून दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला व रात्रीची मोक्याची वेळ प्रादेशिक भाषेकडून काढून घेतली गेली. या दोहोंत कार्यकारणसंबंध नाही. तथापि गिरणगावाचे अर्थकारण मोडत असतानाच त्याच्या भाषेतील पडदाही आक्रसला, याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. स्वतंत्र मराठी उपग्रह वाहिनी १९९४ मध्ये आली. तिला 'सह्याद्री' हे नाव २००० साली मिळाले, तोवर खाजगी वाहिन्यांनी बैठकीची खोली काबीज केली होती.

या काळाचा इतिहास लिहिण्यात मोठी अडचण साधनांची आहे. चित्रफिती महाग असल्याने त्या पुसून पुन्हा वापरल्या जात. त्यामुळे बरेच कार्यक्रम आज पाहावयास मिळत नाहीत. उरतात त्या प्रेक्षकांच्या आठवणी. नायगावच्या चाळींचा पुनर्विकास सुरू असून जुने रहिवासी विखुरले आहेत. त्यांच्या मौखिक नोंदी घ्यावयाच्या झाल्यास कोणत्या खोलीत संच होता, येथूनच आरंभ करावा लागेल.