तळटीप १७ : टिटवी आणि चंडोल

१७. ‘माळावरची गाणारी पाखरं’ म्हणून लेखकाने टिटवी आणि चंडोल यांना एकाच ओळीत बसवले आहे. दोघे शेजारी राहतात आणि दोघांचीही घरटी जमिनीवरच असतात, पण कुळे मात्र अगदी निराळी. चंडोल हा खरा गाणारा पक्षी. त्याच्या स्वरयंत्राला स्नायूंच्या अनेक जोड्या असतात आणि गाणे तो थोरांचे ऐकून शिकतो. टिटवीची ‘टिटिव-टिटिव’ हाक उपजत असते. तिचे नातेगोते पाणलावे आणि कुरव यांच्याशी, म्हणजे ती किनारपक्ष्यांतली. यावर कोणी म्हणेल, की कोरड्या माळावर राहणारी टिटवी किनाऱ्याची कशी? पण कुळ वस्तीवरून ठरत नाही, शरीररचनेवरून आणि वंशावरून ठरते. तिचे मागचे बोट इतके खुजे असते, की फांदी धरता येत नाही. चंडोलाच्या त्याच बोटाला लांब नखी असते. पिल्ले पाहिली की उरलासुरला संशय फिटतो. टिटवी खड्यांमध्ये बहुधा चार ठिपकेदार अंडी घालते, त्यांची निमुळती टोके आत वळलेली असतात. त्यांतून बाहेर पडलेले लवदार पिल्लू काही तासांतच पळू लागते. चंडोलाचे पिल्लू डोळे मिटलेले, दुबळे, गवताच्या वाटीत चोच वासून पडलेले असते. ‘टिटवी देखील समुद्र आटविते’ या म्हणीमागच्या पंचतंत्रातील कथेतही टिटवीची अंडी समुद्रकाठीच आहेत. म्हणून येथे ‘गाणारी’ हे विशेषण फक्त चंडोलाला लागू समजावे.